तिच्या वाट्याची वचनं

काचवाल्याच्या घरात सकाळी सहाला बायबल उघडायचं, हे लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं. पाळकांनी नवरा-नवरीला समोर उभं करून विचारलं होतं, "रोज एक अध्याय वाचायचा. दोघांनी मिळून. कबूल?"

नवरदेव घाईघाईनं "कबूल" म्हणून मोकळा झाला. नवरीनं मात्र विचारलं, "किती दिवस?"

"मरेपर्यंत," पाळक म्हणाले.

"मग चालेल. मला वाटलं, वर्षभरात संपवायला लावताय."

सगळी मंडळी हसली. पण दोघांनी शब्द पाळला. एका आड एक वचन वाचायचं अशी त्यांची रीत पडली. पहिलं वचन त्याचं, दुसरं तिचं, तिसरं त्याचं, चौथं तिचं. अध्याय संपला की डोळे मिटून थोडी प्रार्थना, मग चहा, मग दुकान. रोज एक अध्याय म्हटलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायला तीन वर्षं आणि वर तीन महिने लागतात. अशा त्यांच्या नऊ फेऱ्या पूर्ण झाल्या. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. तापात वाचलं, प्रवासात वाचलं, एकमेकांशी अबोला होता तेव्हाही वाचलं. अबोल्याच्या दिवसांत तर तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

दहावी फेरी पाऊण झाली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो आपल्या खुर्चीत बसला. शब्द मरेपर्यंतचा होता आणि तो तर जिवंत होता. त्यानं पहिलं वचन वाचलं आणि थांबला. दुसरं तिचं होतं. ते वाचायला जीभ उचलेना. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तसं वाटलं. मग तिला वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला आणि नंतर आपलं तिसरं वाचलं.

पुढे रोज तेच झालं. अकरा महिने तो आपल्या वाट्याची वचनं मोठ्यानं वाचायचा आणि तिच्या वाट्याला गप्प बसायचा. दहावी फेरी अशीच संपली आणि महिन्याभरापूर्वी तो पुन्हा पहिल्या पानावर आला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं. त्याच्या लेखी वाचन चालू होतं.

पुढे काच-आरशांचं दुकान आणि मागे दोन खोल्या, असं त्याचं घर. दुकान खरं तर दोघा भावांचं. धाकटा भाऊ चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेलेले, म्हणून वहिनी घरात आली तेव्हा अकरा वर्षांच्या त्या दिराला तिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. "मला देवानं तयार मुलगाच दिला," असं ती म्हणायची, "दात आलेला, बोलणारा आणि विसरभोळा." विसरभोळा तर तो असा की खिडकीचं माप घ्यायला जायचा आणि माप लिहिलेला कागद गिऱ्हाइकाकडेच ठेवून यायचा. दोघांची थोरली बहीण, आक्का, म्हणायची की हा लग्न करायचंसुद्धा विसरला.

तोवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. रिपोर्टचं पाकीट आणायला धाकट्याला पाठवलं, कारण त्याच बाजूला त्याचं काम होतं. त्यानं पाकीट घेतलं, हत्यारांच्या पिशवीत पुट्टीच्या डब्याखाली सपाट ठेवलं, चुरगळू नये म्हणून. आणि विसरला. घरी सगळ्यांना वाटत होतं, रिपोर्ट अजून यायचाय. बावीस दिवसांनी पिशवी झटकताना पाकीट खाली पडलं.

डॉक्टरांनी तारीख बघितली. "आधी का नाही आलात?" म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आधी आला असतात तरी फार फरक पडला असता असं नाही." काचवाल्यानं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्याच्या कानावरून गेलं.

त्याच संध्याकाळी त्यानं धाकट्याला सांगितलं, "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही." ती त्यानंतर सात आठवडे जगली. धाकट्याला त्यानं दवाखान्यात येऊ दिलं नाही. मातीच्या दिवशी धाकटा कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभा होता. तो बाहेरच राहिला.

या गोष्टीला अकरा महिने झाल्यावर एका सोमवारी पाळक दुकानात आले. लग्न लावणारे तेच पाळक, आता गुडघ्यांनी थकलेले. काउंटरवर हात टेकून त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली.

"फाडण्याआधी वाचा," म्हणाले.

"कुणाची आहे?"

"विचारताय कशाला? तुमच्या तोंडावरून दिसतंय, कळलंय तुम्हाला."

चिठ्ठी चार ओळींची होती. दादा, मला समुद्रापलीकडे काम मिळालंय. सात वर्षांचा करार आहे. रविवारी निघायचंय, म्हणून शनिवारी सकाळी दहाच्या बसनं येतो. दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तर राग धरणार नाही, पण मग पुन्हा येणार नाही.

काचवाल्यानं ती दोनदा वाचली. "काय करू?" त्यानं विचारलं.

"देवाला विचारा."

"शनिवारच्या आत सांगेल तो?"

"ते मी कसं सांगू? मी आज नुसता पोस्टमन आहे. रोजचं वाचन चालू आहे ना?"

"एक दिवस चुकला नाही."

"मग जिथं रोज बसता तिथंच बसून विचारा. नवी जागा शोधत हिंडू नका."

पाळक गेल्यावर काचवाल्यानं मनाशी गाठ मारली. त्याच्या स्वतःच्या मनाला विचारलं असतं तर दार बंदच राहिलं असतं, त्यात काही शंका नव्हती. पण आयुष्यभर देवाचा माणूस म्हणवून घ्यायचं आणि एवढ्या मोठ्या गोष्टीत त्याला विचारायचंच नाही, हे बरं दिसत नव्हतं. देव उघड म्हणाला तर उघडायचं. नको म्हणाला तर नाही. काही बोललाच नाही तरी नाही.

मंगळवारी आक्का आली. तिला सगळं आधीच कळलेलं होतं. तिला सगळं आधीच कळतं.

"एवढा विचार काय करायचाय? डोळे मीट, बायबल उघड, बोट ठेव. माझ्या जावेनं असंच घर घेतलं."

"त्या घराचं छत गळतं ना?"

"गळू दे. ठेव बोट."

त्यानं डोळे मिटून बोट ठेवलं. मग डोळे उघडून वाचायला लागला आणि थांबला.

"काय लिहिलंय?"

"घराच्या भिंतीवर हिरवट डाग पडले तर काय करायचं, ते लिहिलंय."

"बघ! घराबद्दलच बोलतोय तो."

"पुढे भिंत खरवडून काढायला सांगितलीय."

आक्कानं भिंतीकडे बघितलं. भिंत कोरडी होती. "परत ठेव," म्हणाली.

दुसऱ्यांदा बोट एका लांबलचक वंशावळीवर पडलं. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी. आक्का उठली, तिनं पदर खोचला आणि चहा टाकला. मग म्हणाली, "तुला देवाची चिठ्ठी पाहिजे. भावाची आलीय ती नको."

रोजचं वाचन मात्र आपल्या चालीनं चालू होतं. पहिल्या पुस्तकातला तो भाग, जिथं धाकटा भाऊ थोरल्याला फसवून पळून जातो आणि परमुलखात मेंढरं राखत वीस वर्षं काढतो. मंगळवार गेला, बुधवार गेला. लग्नं, मेंढरं, पोरं. काचवाल्याला त्यात आपल्यासाठी काही दिसलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं बत्तिसावा अध्याय काढला आणि तिसऱ्या वचनालाच अंगावर काटा आला. पुस्तकातला धाकटा घरी परत निघाला होता आणि त्यानं थोरल्याकडे आधी निरोप पाठवला होता. सातव्या वचनात लिहिलं होतं की तो फार घाबरला. अकराव्यात तो देवाला म्हणत होता, मला माझ्या भावाच्या हातून सोडव.

काचवाल्यानं मागे वळून दाराकडे बघितलं, जणू कोणी उभं होतं. हा अध्याय त्यानं निवडला नव्हता. कुणीच निवडला नव्हता. बत्तीस वर्षांपूर्वी दोन माणसांनी एका सकाळी पहिलं पान उघडलं होतं आणि मग एक दिवस न चुकता चालत राहिली होती. त्यांच्यातलं एक माणूस वाटेत गळालं, तरी ती चाल शुक्रवारी बरोबर या पानावर येऊन पोचली होती. मधे एखादा दिवस चुकला असता, तर आज दुसरंच पान असतं.

उद्याच्या अध्यायात काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. दोघं भाऊ भेटतात. धाकटा सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. गुरंढोरं भेट देतो, आग्रह करतो, थोरला ती घेतो. हे त्यानं दहा वेळा स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं.

त्यानं आक्काला फोन लावला. "उत्तर मिळालं."

"काय मिळालं?"

"दार उघडीन. पण आत घेण्याआधी त्यानं बाहेर उभं राहून चूक कबूल करायची. वाकून. सात वेळा."

"सात? पाठीत उसण भरेल त्याच्या."

"भरू दे."

"हे देव म्हणाला?"

"लिहिलंय तसं."

"बाबा रे," आक्का म्हणाली, "तुझ्या आवाजात मला देवापेक्षा तूच जास्त ऐकू येतोयस." आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी सहाला तो खुर्चीत बसला. दाढी केलेली होती. धुतलेला सदरा घातलेला होता. तेहतिसावा अध्याय. पहिलं वचन त्याचं: धाकटा मान वर करून बघतो तर थोरला येतोय, बरोबर चारशे माणसं. तो थांबला. दुसऱ्याला गप्प बसला. तिसरं त्याचं: धाकटा सगळ्यांच्या पुढे होतो आणि भावाजवळ पोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. हे त्यानं जरा जोरातच वाचलं. मग चौथ्याला गप्प बसला, खुर्चीकडे बघत. आणि पाचवं वाचायला लागला. त्यात थोरला मान वर करून बायका-पोरांना बघतो आणि विचारतो, ही तुझ्याबरोबर कोण?

तिथं तो अडखळला. अक्षरांमुळे नव्हे. काम करणाऱ्या माणसाला जसं कळतं की इथं काहीतरी बसत नाही, तसं त्याला कळलं. चारशे माणसं घेऊन आलेला थोरला. जमिनीला डोकं टेकलेला धाकटा, जिवाच्या भीतीनं अर्धा झालेला. आणि लगेच पोराबाळांची चौकशी? पाहुणा आल्यासारखी? मधे काहीतरी घडल्याशिवाय असं होत नाही. दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या आणि मधलं तावदानच नव्हतं.

त्यानं खुर्चीकडे बघितलं. मग पानाकडे. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिच्या वचनावर बोट ठेवलं.

तो चौथीतून शाळा सोडलेला माणूस. जोडाक्षर आलं की त्याची गाडी अडायची. त्यामुळे वचन त्याला एकदम मिळालं नाही, एकेका शब्दानं मिळालं. थोरला. त्याला भेटायला. धावत आला. त्याला मिठी मारली. त्याच्या गळ्यात पडला. त्याचा मुका घेतला. आणि दोघं रडले.

काचवाला बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

थोरला धावला होता. ज्याचं नुकसान झालं होतं, ज्याच्या मागे चारशे माणसं होती, जो नुसता उभा राहिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती, तो धावला होता. त्यानं वाकणं मोजलं होतं का, ते लिहिलेलं नव्हतं. चूक कबूल करून घेतली, असंही कुठं नव्हतं.

तो पुढची तिची वचनं वाचायला लागला. सहावं. आठवं. दहाव्यात धाकटा थोरल्याला म्हणत होता की तुझं तोंड बघितलं, ते देवाचं तोंड बघितल्यासारखं वाटलं.

काचवाला उठून उभा राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. खोलीत कोणी मोठं माणूस आलं की माणूस जसा उठतो तसा तो उठला, आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून दोन पावलं मागे सरला. खोली तीच होती. टेबल तेच, कपबशी तीच. पण आता तिथं एकट्यानं बसल्यासारखं वाटेना.

मग त्याला दुसरी गोष्ट कळली आणि ती जास्त लागली. हे वचन या खोलीत, या टेबलाशी दहा वेळा मोठ्यानं वाचलं गेलं होतं. तिनं वाचलं होतं, हातभर अंतरावरून. आणि त्यानं ते ऐकलंच नव्हतं. कारण ती चौथं वाचत असायची तेव्हा तो खाली मान घालून आपलं पाचवं ओठांत घोळवत असायचा. पाळी आली की अडखळू नये म्हणून. तिच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून. हे फक्त या अध्यायाचं नव्हतं. रोजचंच होतं. एकतीस वर्षं ती वाचत होती आणि तो स्वतःच्या पुढच्या वचनाची तयारी करत होता. अकरा महिने तो ज्या शांततेला तिची शांतता समजून मान देत होता, ती खरं म्हणजे फार जुनी होती.

त्यानं पुस्तक उचललं आणि पहिलं पान काढलं. पुस्तक निम्मं कोरं पडलं होतं त्याच्यासाठी. आपल्याच घरात इतकी वर्षं राहून निम्म्या खोल्यांची दारं कधी ढकलली नाहीत, असं झालं होतं. तो तिची वचनं वाचायला लागला, नुसती तिची, उभ्यानंच. अंधार होता आणि पाण्यावर देवाचा आत्मा होता, हे तिचं होतं. उजेड बरा आहे असं देवानं बघितलं, हेही तिचं. दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की माणूस एकटा असणं बरं नाही. तेही तिनं वाचलं होतं, दहा वेळा, त्याच्याकडे बघत वाचलं असेल, आणि तो खाली बघत असेल.

चौथ्या अध्यायात मात्र त्याचं बोट घसरून वरच्या वचनावर गेलं. ते त्याच्या वाट्याचं होतं. तुझा भाऊ कुठे आहे?

हे त्यानं महिन्याभरापूर्वी याच खुर्चीत बसून खणखणीत वाचलं होतं. न अडखळता.

आणि हाच प्रश्न तिनंही विचारला होता. शेवटच्या आठवड्यात, दोनदा. "भाऊजी कुठे आहेत हो? आले नाहीत?" आणि तो म्हणाला होता, "कामावर आहे. येईल." ही गोष्ट त्यानं पाळकांना सांगितली नव्हती, आक्काला सांगितली नव्हती, प्रार्थनेतही त्या बाजूला तो फिरकला नव्हता. धाकटा पाकीट विसरला होता. हा तर काही विसरला नव्हता. यानं समजून-उमजून मरणाऱ्या बाईचा मुलगा तिच्यापासून लपवला होता.

तो खाली बसला. गुडघ्यांवर नव्हे, नुसताच जमिनीवर, टेबलाच्या पायाला टेकून. आठवडाभर तो देवाला विचारत होता की दार उघडू का. देवानं दाराबद्दल अक्षर काढलं नव्हतं. त्यानं उलट विचारलं होतं, तुझा भाऊ कुठे आहे, आणि उत्तराची वाट बघत तो तिथंच थांबला होता, चोवीस तास, महिना, अकरा महिने. एवढा वेळ कोणी कुणासाठी थांबतं का? काचवाल्याला रडू आलं नाही. त्याला भीती वाटली, पण ती पळून जावंसं वाटणारी भीती नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना वाटते तशी होती.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. दुकान उघडायची वेळ टळून गेली. दोनदा कोणीतरी शटर वाजवून गेलं. मग गल्लीच्या टोकाला बसचा ब्रेक करकरला आणि त्यानं घड्याळ बघितलं. दहाला दोन मिनिटं होती.

काच उचलणारी माणसं पळत नाहीत. या धंद्यात पहिला धडा तोच असतो आणि तो हाडात मुरतो. आग लागली तरी काचवाला भरभर चालेल, पळणार नाही. सत्तावन्न वर्षांच्या त्या माणसाला शेवटचं कधी पळालो होतो ते आठवलं नसतं. पण तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि पळायला लागला. एक चप्पल फळवाल्याच्या गाडीपाशी निघाली, दुसरी त्यानंच झटकून टाकली.

"काका! अहो, चोर आहे का?" फळवाला ओरडला.

धाकटा बसमधून उतरून रस्ता ओलांडत होता. हातात एक पिशवी, डोक्यावरचे केस विरळ झालेले, नवा चष्मा. त्यानं समोरून अनवाणी धावत येणारा भाऊ बघितला आणि तिथल्या तिथं थांबला. पिशवी खाली ठेवली. चष्मा काढून खिशात घातला आणि एक हात डोक्यावर आडवा धरला.

"मार दादा," म्हणाला. "काही म्हणणार नाही. पण कानाखाली नको, डाव्या कानाला आधीच कमी ऐकू येतं."

काचवाल्यानं त्याला मिठी मारली. धावता धावताच मारली, त्यामुळे दोघंही भेलकांडले. धाकट्याचे गुडघे दुमडायला लागले, तो खाली वाकायला बघत होता. काचवाल्यानं त्याला दोन्ही काखांत हात घालून वर धरलं, हातातून निसटणारी मोठी काच धरतात तसं, सगळं अंग पुढे देऊन.

"वाकू नकोस."

"दादा, ते पाकीट मी…"

"राहू दे पाकीट. आधी माझं ऐक." त्याला दम लागला होता, शब्द तुटक येत होते. "ती तुला विचारत होती. शेवटी. दोनदा. भाऊजी कुठे आहेत म्हणून. मी म्हणालो, कामावर आहे."

धाकटा हलला नाही.

"तू येत नाहीयेस असं तिला वाटू दिलं मी."

हे बोलून झाल्यावर काचवाल्याला कळलं की आता दार त्याच्या हातात राहिलेलं नाही. धाकट्याच्या हातात होतं. धाकट्यानं पिशवी उचलून मागे वळावं, बस अजून उभी होती, आणि सात वर्षंच काय, कायमचं जावं. त्याचा हक्क होता. काचवाल्यानं हात सैल केले आणि उभा राहिला.

"मी रोज येत होतो," धाकटा म्हणाला. आवाज कुठून तरी खोलवरून येत होता. "दवाखान्यासमोर बाक आहे ना, त्यावर बसायचो. तू बाहेर पडलास की झाडामागे व्हायचो."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कळू नये म्हणूनच झाडामागे व्हायचो ना."

मग त्याचा ओठ थरथरला, अकराव्या वर्षी थरथरायचा तसाच. त्यानं बाही पुढे केली आणि स्वतःचे डोळे पुसायच्या आधी थोरल्याच्या तोंडावरचा घाम पुसला, कपाळ, गाल, हनुवटी, वहिनी त्याचं तोंड पुसायची त्याच क्रमानं.

"चल घरी," तो म्हणाला. "काच लागेल पायाला. स्वतःच्या दुकानाच्या गल्लीत अनवाणी हिंडतोस, काचवाला ना तू?"

काचवाला जागचा हलला नाही. तो भावाच्या तोंडाकडे बघत होता. वाढलेली दाढी, चष्म्याचे नाकावर पडलेले दोन लाल ठसे, ओले डोळे. हे तोंड त्यानं लहानपणापासून हजारदा बघितलं होतं आणि कधीच असं बघितलं नव्हतं. सकाळी पुस्तकापासून दोन पावलं मागे सरताना वाटलं होतं, तसंच त्याला पुन्हा वाटलं.

"असा काय बघतोस, दादा?"

"थांब जरा," काचवाला म्हणाला. "बघू दे."

बसवाल्यानं भोंगा वाजवला. दोघं रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यानं दुसऱ्यांदा वाजवला, मग काय वाटलं कोण जाणे, गाडी हळूच बाजूनं काढली आणि निघून गेला.